स्वतःच्या चरबीने स्तनवृद्धी: कशानंतर काय करायचं

"ऑपरेशन झालं तेव्हा छान भरलेलं दिसत होतं, तीन महिन्यांत सगळं गेलं." फॅट ट्रान्सफर करून घेतलेल्या बायकांकडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं आणि त्याचा दोष लगेच सर्जनच्या हाताला दिला जातो. कधी तो त्याचा असतोही. पण बऱ्याचदा गडबड ऑपरेशन थिएटरच्या बाहेर झालेली असते. ऑफर संपत होती म्हणून आधी तारीख घेतली आणि तपासण्या मागून केल्या. वजन उतरत असतानाच चरबी काढून घेतली. आठव्या दिवशी घट्ट ब्रा घालून स्कूटर काढली. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाबद्दल आहे. पुण्यात हे करून घ्यायचा विचार असेल तर इथल्या काही गोष्टीही लक्षात घ्याव्या लागतात, त्या मध्ये मध्ये येतील.

प्रक्रिया थोडक्यात अशी: पोट, कंबर किंवा मांड्यांमधली चरबी लायपोसक्शनने काढतात, ती गाळून स्वच्छ करतात आणि बारीक नळीने स्तनात थोडी थोडी सोडतात. या जिवंत पेशी असतात. नव्या जागी रक्तवाहिन्या फुटेपर्यंत आजूबाजूच्या भागातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर त्यांना तग धरावी लागते. ज्या जगतात त्या राहतात, ज्या मरतात त्या शरीर शोषून घेतं. पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीतून निघालेली आहे.

## टप्पा १: आधी आकडे मांडा

सल्लामसलतीला जाण्यापूर्वी घरीच हिशोब करा. एका वेळी प्रत्येक बाजूला साधारण १५० ते ३०० मिली चरबी भरली जाते. त्यातली टिकते ती ढोबळमानाने ५० ते ७० टक्के. समजा दोन्ही बाजूंना २५०-२५० मिली भरायची आहे. म्हणजे स्वच्छ केलेली चरबी ५०० मिली हवी. काढलेल्या चरबीत औषधी द्रव, रक्त आणि तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे ५०० मिली मिळवायला जवळजवळ एक लिटर काढावी लागते. आणि सहा महिन्यांनंतर हातात काय राहतं? प्रत्येक बाजूला १२५ ते १७५ मिली. ब्राच्या मापात सांगायचं तर अर्धा ते एक कप.

तपासून पाहा: झिप लावता येणाऱ्या दोन छोट्या पिशव्यांत प्रत्येकी १५० मिली पाणी मोजून भरा, हवा काढून टाका, सैलसर ब्रात ठेवा आणि वरून नेहमीचा कुडता घालून आरशासमोर उभ्या राहा. "एवढंच?" असं वाटलं तर तुम्हाला हवं ते या पद्धतीने एका बैठकीत मिळणार नाही. मग इम्प्लांटबद्दल (स्तनात बसवायच्या कृत्रिम पिशवीबद्दल) किंवा दोन बैठकांबद्दल बोलायला हवं. "बस, एवढंच हवं होतं" असं वाटलं तर पुढे वाचा.

काही गोष्टी या शस्त्रक्रियेने होत नाहीत. ओघळलेले स्तन चरबी भरून वर उचलले जात नाहीत, त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागते. अंगावर चिमटीत धरण्याइतकीही चरबी नसेल तर काढायची कुठून, हा साधा प्रश्न आहे. उलट दोन बाजूंतला फरक थोडा कमी करणं, वरचा रिकामा दिसणारा भाग भरणं, बाळंतपणानंतर कमी झालेला भरीवपणा परत आणणं यांत ती चांगली उपयोगी पडते.

आणि काही जणींनी थांबायचंच आहे. वय अठराच्या आत असेल तर हा विषयच नको. गरोदर असाल किंवा वर्षभरात मूल हवं असेल तर नंतर पाहा. बाळ पाजणं थांबवून निदान सहा महिने झालेले असावेत, कारण तोवर स्तनांचा आकार स्वतःहून बदलत असतो आणि बदलत्या मापावर काम करण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: स्तनांची तपासणी, तीही सगळ्याच्या आधी

सर्वांत जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. "मला काही त्रास नाही, मग मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) कशाला?" असा प्रश्न येतो. कारण असं: भरलेल्या चरबीचा काही भाग मेला की त्या जागी तेलाची छोटी पुटकुळी, कडक गाठ किंवा चुन्यासारखे कण तयार होऊ शकतात. ते निरुपद्रवी असतात. पण दोन वर्षांनी हाताला गाठ लागली आणि आधीचा एकही फोटो नसेल, तर रेडिओलॉजिस्टला तुलना कशाशी करायची हेच कळत नाही. मग बायॉप्सी, आणि निकाल येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

साधारणपणे चाळिशीच्या आत सोनोग्राफी पुरते, चाळिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी करतात. घरात स्तनांचा किंवा बीजाशयाचा कर्करोग झालेला असेल तर वयाची वाट न पाहता डॉक्टर ठरवतील तशी तपासणी. पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान जा, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. मापं आणि फोटोही याच दिवसांत घ्यायला सांगा. पाळीच्या आधीची सूज मापात शिरली तर नंतरची तुलना खोटी ठरते.

घरातल्या आजाराची चौकशी करताना फक्त आईकडची माणसं मोजू नका. आत्या आणि वडिलांची आईही मोजायची, कारण या कर्करोगांचा धोका वाढवणारं दोषी जनुक वडिलांकडूनही येतं. आपल्याकडे एक अडचण असते, ती म्हणजे जुन्या पिढीत कर्करोग हा शब्दच उच्चारला जात नसे. "मोठ्या आत्याचं पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं" यापुढे माहिती सरकत नाही. तरी विचारा. बीआरसीए या अशाच एका जनुकात दोष आहे हे माहीत असेल तर सर्जनला भेटण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना भेटा. आतापर्यंतच्या पाठपुराव्यात चरबी भरल्यामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलेलं नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त आहे त्यांच्या बाबतीत जपूनच पाऊल टाकतात.

आधीपासून एखादी गाठ असेल, तरुण मुलींमध्ये फायब्रोॲडिनोमाच्या (कर्करोग नसलेल्या) गाठी बऱ्याच आढळतात, तर तिचं निदान कागदावर पक्कं होऊ द्या. मगच पुढे.

इशारा: रिपोर्टची लिंक व्हॉट्सॲपवर आली म्हणून निश्चिंत राहू नका, अशा लिंक काही काळाने बंद पडतात. फाइल उतरवून घ्या, फिल्म किंवा सीडी मागून घ्या आणि स्वतःच्या फायलीत लावा. ती फाइल तुम्हाला पुढची कित्येक वर्षं लागणार आहे.

## टप्पा ३: शरीराची तयारी, दोन ते तीन महिने

वजन. निदान तीन महिने वजन एका जागी थांबलेलं हवं. भरलेली चरबी उरलेल्या शरीराबरोबरच वाढते आणि उतरते. चार किलो कमी केले तर स्तनांतलीही कमी होणार. याच्या उलट चूकही होते: चरबी पुरावी म्हणून मुद्दाम खाऊन वजन वाढवायचं. ते वजन ऑपरेशननंतर उतरतं आणि जाताना भरलेलीही घेऊन जातं.

इथे सध्या एक नवी अडचण आली आहे. वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची इंजेक्शनं घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि बऱ्याच जणी ते घरातही सांगत नाहीत. सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना मात्र सांगावंच लागेल. एक तर वजन अजून उतरत असतं. दुसरं, या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. तुम्ही उपाशी आहात असं धरून भूल दिली आणि पोटात अन्न असेल तर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

हिमोग्लोबिन. आपल्याकडच्या बायकांत ॲनिमिया इतका सर्रास आहे की दहा-साडेदहा हिमोग्लोबिन म्हणजे "ठीकच" असं समजून सोडून दिलं जातं. लायपोसक्शनमध्ये थोडं रक्त जातंच. तपासणी ऑपरेशनच्या आठवड्यात करू नका. दोन-तीन महिने आधी करा, म्हणजे कमी निघालं तर लोहाच्या गोळ्यांना काम करायला वेळ मिळेल. त्याच वेळी साखर आणि थायरॉइडही पाहून घ्या.

तंबाखू, कुठल्याही रूपातली. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि भरलेल्या चरबीला तर त्याच वाहिन्यांची गरज असते. ऑपरेशनपूर्वी चार आठवडे आणि नंतर निदान चार आठवडे पूर्ण बंद. "मी स्मोक करत नाही" असं खरेपणाने सांगणारी बाई रोज सकाळी मशेरी लावत असते आणि डॉक्टर विचारत नाहीत, कारण त्यांच्या फॉर्मवर फक्त सिगारेटचा रकाना असतो. मशेरी, गुटखा, तपकीर, व्हेप, इतकंच काय निकोटीनचं च्युइंगमसुद्धा यात आलं.

औषधं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, ई जीवनसत्त्वाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या, लसूण किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल या सगळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. साधारण एक ते दोन आठवडे आधी त्या थांबवायला सांगतात. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही यादीत लिहा, "ते काही औषध नाही" म्हणून गाळू नका. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते, त्यामुळे काही सर्जन त्या महिनाभर आधी थांबवतात. तसं असेल तर त्या काळात दुसरं गर्भनिरोधक वापरा.

इशारा: हृदयासाठी इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही. ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांना विचारा.

## टप्पा ४: सर्जन आणि जागा

पदवी पाहायची ती प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. "कॉस्मेटॉलॉजिस्ट", "एस्थेटिक फिजिशियन", "लेझर स्पेशालिस्ट" या पाट्यांवरून ती व्यक्ती प्लास्टिक सर्जन आहे असा अर्थ निघत नाही. नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या ऑनलाइन नोंदवहीत शोधता येतं. भारतीय प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेची सदस्ययादीही पाहता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

मग जागा. लायपोसक्शन ही शस्त्रक्रिया आहे, पार्लरला जोडलेल्या खोलीत होण्याची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात रुग्णालयाला शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. पुण्यात ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो, पिंपरी-चिंचवडमध्ये तिथली महापालिका. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असावं. दिसलं नाही तर विचारा. विचारल्यावर रिसेप्शनवरची व्यक्ती चिडली तर तेही एक उत्तरच समजा.

सर्जनला पुढचे प्रश्न विचारायला लाजू नका:

- भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थिएटरमध्ये थांबणार का?
- एकूण किती चरबी काढणार? पाच लिटरच्या वर जायचं असेल तर रात्रभर देखरेखीची सोय लागते. फक्त स्तनांसाठी इतकी लागत नाही, पण "आलाच आहात तर पोट, मांड्या, दंड सगळंच करून टाकू" असा प्रस्ताव येतो आणि आकडा वाढत जातो.
- रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे की दुसरीकडे?
- तुमच्या रुग्णांचे सहा महिन्यांनंतरचे फोटो दाखवा. दुसऱ्या आठवड्यातले फोटो सुजेचे असतात, ते सगळ्यांचेच सुंदर दिसतात.

"स्टेम सेल मिसळून भरतो, म्हणजे शंभर टक्के टिकतं" असं कोणी म्हणालं तर उठून या. शंभर टक्के कुणाचंच टिकत नाही. शिवाय मान्यता नसलेल्या आजारांवर किंवा कारणांसाठी स्टेम सेल वापरायच्या तर त्या वैद्यकीय चाचणीतच वापरता येतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. उरलेली चरबी गोठवून ठेवून पुढच्या वर्षी भरू, या योजनेलाही नाही म्हणा. वितळलेल्या चरबीत जिवंत पेशी फार कमी उरतात.

पैशांचं थोडक्यात: सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात बसत नाही, आणि तिच्यातून उद्भवलेल्या त्रासाचा खर्चही विमा कंपनी सहसा देत नाही. अशा शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, तो अंदाजपत्रकात धरला आहे का ते पाहा. गारमेंट (चरबी काढलेल्या भागावर नंतर घालायचा घट्ट पोशाख), औषधं, एक रात्र राहावं लागलं तर त्याचा दर, दुसरी बैठक लागल्यास तिचा खर्च, हे सगळं लेखी घ्या.

तपासून पाहा: संमतीपत्र आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी घरी आणून वाचा. फोटो जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी त्यात बारीक अक्षरांत असेल आणि ती द्यायची नसेल तर ती ओळ खोडून सही करा.

## टप्पा ५: तारीख ठरवणं

आता तारीख. याआधी नाही.

घरात लग्न असेल तर ते ऑपरेशननंतर निदान चार महिन्यांनी येईल असं पाहा. पहिल्या दोन महिन्यांत माप सारखं बदलतं, त्या मापावर शिवलेला ब्लाउज वाया जातो.

पेठांमध्ये राहत असाल किंवा रुग्णालय तिथे असेल तर गणपतीचे शेवटचे दिवस आणि पालख्या मुक्कामाला असतात ते दिवस टाळा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत रुग्णालयात परत जाण्याची वेळ आली तर गाडी दारापर्यंत यायला हवी. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर घट्ट गारमेंट घालून बसणं हाही छळच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या मानाने बरे.

सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडून पुण्यात येणार असाल तर चार-पाच दिवस पुण्यातच राहण्याची सोय करा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी काही तास गाडीत अवघडून बसणं म्हणजे पायात गुठळी व्हायला आमंत्रण. परतीच्या प्रवासात दर तासाला उतरून चाला.

घरात एक माणूस निदान तीन दिवस पूर्ण वेळ हवा. तान्हं मूल असेल तर आठवडाभर, कारण ते उचलता येणार नाही.

## टप्पा ६: आदला दिवस आणि सकाळ

जड, तळलेलं जेवण भुलेच्या आठ तास आधी बंद, हलकं खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐकायचं. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे चहा. "फक्त अर्धा कपच घेतला." दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, अन्नात मोजतात. अशा अर्ध्या कपाने ऑपरेशन दुपारवर किंवा दुसऱ्या दिवसावर जातं.

नेलपॉलिश काढा, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या क्लिपला ते आड येतं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, नाकातली चमकी घरी ठेवा. क्रीम, पावडर, डिओ काही नको. पुढून उघडणारा सैल गाऊन आणि पायात सहज सरकवता येणाऱ्या चपला घ्या.

सर्जन तुम्हाला उभं करून पेनने खुणा करतील. ही शेवटची संधी असते. कुठून काढणार आणि कुठे भरणार हे आरशात पाहून घ्या. आडवं झाल्यावर सगळे आकार बदलतात.

## टप्पा ७: थिएटरमध्ये काय होतं

इथे तुमच्या हातात काही नाही, पण माहीत असलं की प्रश्न नीट विचारता येतात. सलाइनमध्ये ॲड्रेनलिन आणि लिडोकेन (बधिर करणारं औषध) मिसळून ते द्रव चरबीच्या थरात सोडतात. त्याने रक्तस्राव कमी होतो आणि चरबी सैल होते. मग काही मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅन्युला, म्हणजे पोकळ नळी, घालून, कमी दाबाने चरबी ओढतात. दाब जास्त ठेवला तर पेशी फुटतात. काढलेली चरबी स्थिर ठेवून, गाळून किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळी करतात: वर तेल, खाली रक्तमिश्रित पाणी, मधली ती कामाची.

भरताना बोथट टोकाची बारीक कॅन्युला आत नेऊन, मागे घेत घेत, चरबीचे बारीक धागे सोडत येतात. त्वचेखाली, दूधग्रंथीच्या मागे, छातीच्या स्नायूच्या थरात. ग्रंथीच्या आत नाही. मावळात भाताची लावणी पाहिली असेल तर तत्त्व लगेच कळेल: दोन-चार रोपं, मग अंतर, मग पुन्हा दोन-चार. आख्खी जुडी एकाच जागी रोवली तर मधली रोपं कुजतात. चरबीच्या मोठ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही. म्हणूनच "थोडी जास्तच भरा, नंतर कमी होणारच आहे" असा आग्रह सर्जनकडे धरू नका. प्रमाणाबाहेर भरलं की आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो आणि टिकायची तीही चरबी मरते.

सगळ्याला साधारण दोन ते चार तास लागतात.

## टप्पा ८: पहिले तीन दिवस

लायपोसक्शनच्या छिद्रांतून गुलाबी पाणी एक-दोन दिवस गळतं. घाबरू नका, ते आत सोडलेलं द्रव आहे. गादीवर प्लास्टिक आणि जुनी चादर घाला, एवढंच.

पहिल्या रात्री सोबत कुणीतरी जागं असावं. लिडोकेन चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं आणि त्याची पातळी साधारण दहा ते चौदा तासांनी सर्वांत जास्त असते, म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही घरी पोहोचल्यानंतर. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण, जीभ जड होणं यांपैकी काही जाणवलं तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

गारमेंट पहिल्यांदा काढताना चक्कर येते. बऱ्याच जणी बाथरूममध्ये पडतात त्या याच वेळी. स्टुलावर बसून, कुणालातरी जवळ उभं करून, हळूहळू काढा.

त्याच संध्याकाळपासून घरातल्या घरात दर दोन तासांनी चाला. दुखण्यासाठी सर्जनने लिहून दिलेलंच घ्या. घरात पडलेली कॉम्बिफ्लॅम घेऊ नका, तिच्यात आयब्युप्रोफेन असतं.

ताबडतोब रुग्णालय गाठायची लक्षणं: दम लागणं किंवा छातीत दुखणं, एकाच पायाची पोटरी सुजणं किंवा दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं, अंगावर बारीक लाल ठिपके उमटणं, १०१ च्या वर ताप, पोटात वाढत जाणारी तीव्र कळ, पसरत जाणारी लाली, छिद्रातून पू. यांत "सकाळी बघू" नाही. गाडी नसेल तर १०८.

## टप्पा ९: सहा आठवडे, जिथे सर्वांत जास्त वाया जातं

नियम एकच, पण तो उलटा असल्यामुळे गोंधळ होतो. जिथून चरबी काढली तिथे दाब हवा, जिथे भरली तिथे दाब अजिबात नको. पोट-मांड्यांवरचं गारमेंट सर्जन सांगतील तसं चार ते सहा आठवडे. छातीवर मात्र फक्त सैल, तारेशिवायची ब्रा किंवा सुती बनियन. उंच कमरेचं गारमेंट असेल तर बसून पाहा: त्याची वरची कड दुमडून स्तनांच्या खालच्या भागात रुतत असेल तर ते बदलून घ्या. उभं असताना हे लक्षात येत नाही.

- छातीवर बर्फ लावू नका. थंडीने वाहिन्या आकसतात. गरम पिशवीही नको, त्वचा बधिर असते आणि भाजलेलं कळत नाही.
- मालिश नको. "जरा तेल लावून चोळते, गाठी मोकळ्या होतील" म्हणणाऱ्या मावशींना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. पोटाच्या भागाचं मालिश सर्जन स्वतः सुचवतील तेव्हाच. दिवाळीचं अभ्यंगस्नान मधेच आलं तर तेल हातापायांना लावा.
- तीन-चार आठवडे पाठीवर झोपा. दोन्ही बाजूंना उशा लावल्या की झोपेत कूस बदलली जात नाही.
- दुचाकी साधारण तीन आठवडे नको, मागे बसूनही नको. रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक यांबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. रिक्षापेक्षाही कार बरी.
- गॅसची टाकी, पाण्याची भरलेली बादली, मूल यांपैकी काही चार आठवडे उचलायचं नाही. बसून करायचं काम असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात ऑफिसला जाता येतं.
- छिद्रं पूर्ण भरेपर्यंत पोहण्याचा तलाव बंद.

आता खाण्याचं. सूज दिसते, काटा वर गेलेला असतो आणि घाबरून डाएट सुरू होतं. पहिले तीन महिने उष्मांक कमी करायचेच नाहीत. डाळ, उसळी, दही, अंडी, मासे, जे चालतं ते पोटभर. नवरात्राचे नऊ दिवस किंवा निर्जळी एकादशी या काळात आली तर तो उपवास यंदा सोडा. वजनाची इंजेक्शनं परत सुरू करायची घाईही इथेच नडते.

## टप्पा १०: तीन महिने ते एक वर्ष

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूज उतरते आणि आकार झपाट्याने कमी झाल्यासारखा वाटतो. निराश होऊन फोन येतात ते याच दिवसांत. हे अपेक्षित असतं. साधारण तीन महिन्यांनी आकार स्थिरावतो, खरा निकाल सहाव्या महिन्यात कळतो. दर महिन्याला पाळीच्या त्याच दिवसांत, त्याच खिडकीसमोर, त्याच अंतरावरून स्वतःसाठी फोटो काढा. आरशातल्या आठवणीवर विश्वास ठेवू नका.

स्वतःच्या हाताने स्तनतपासणी महिन्यातून एकदा चालू ठेवा. सुरुवातीला काही भाग टणक लागतात, बरेचसे मऊ होत जातात. तीन महिन्यांनंतरही राहिलेली, नव्याने आलेली किंवा वाढणारी गाठ सोनोग्राफीला दाखवायची. "भरलेली चरबीच असेल" हे रेडिओलॉजिस्टने ठरवायचं. स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आला किंवा त्वचा आत ओढली गेली तर तीन महिन्यांचाही हिशोब न करता जा.

दुसरी बैठक हवी असेल तर सहा महिन्यांच्या आत नको. आधीचा निकाल कळल्याशिवाय किती भरायचं हे ठरवता येत नाही. त्या वेळी टप्पा १ मधला पिशव्यांचा प्रयोग पुन्हा करा, बऱ्याच जणी तिथेच थांबायचं ठरवतात.

वर्ष पूर्ण झालं की, वयाप्रमाणे, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी पुन्हा करून घ्या. जुनी फाइल बरोबर न्या. फॉर्म भरताना आणि आत गेल्यावर तंत्रज्ञालाही सांगा: स्तनांत चरबी भरलेली आहे, अमुक महिन्यात, अमुक मिली. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक बाजूला किती मिली आणि कोणत्या थरात भरली हे लिहून घेतलेलं असायला हवं. घेतलं नसेल तर ते रुग्णालयातून आजच मागवा, काही वर्षांनी कागद मिळेलच असं नाही.